लाल खिडकीची आवक नोंद

दादानं फोनवरच निकाल देऊन टाकला. "मी रविवारी गाडी घेऊन येतो. कॉम्प्युटर पुण्याला घेऊन जातो. बाबांनी आता त्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचा सूर असा, जसं काही बाबांनी घरात बिबट्या पाळलाय.

प्रकरण असं होतं. सेनगावला आमच्या घरी बाबांचा कॉम्प्युटर आहे. त्यावर तीन महिन्यांपासून रोज एक लाल खिडकी उघडत होती. त्यात ढालीचं चित्र, पिवळा त्रिकोण आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत दमदाटी: तुमच्या संगणकात व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब कार्यवाही करा, पैसे भरा, खालच्या नंबरवर फोन करा. वर टुंई टुंई आवाज. हे सगळं नकली. व्हायरसपासून वाचवतो म्हणणारं ते सॉफ्टवेअर स्वतःच चोर होतं. दादा बाबांशी फोनवर बोलत असताना त्याला ती टुंई टुंई ऐकू गेली. त्यानं खोदून खोदून विचारलं, तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "व्हय, त्या लोकायचे फोनबी येऊन राहिले मला." झालं! दादानं धरूनच घेतलं की बाबा पुरते फसले.

मला तर असा संताप आला की विचारू नका. मी नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. दरवर्षी नव्या पोरांना पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून देते, 'वाचल्याशिवाय ओके दाबू नये.' आणि माझ्याच बापाच्या घरात, माझ्याच नाकावर टिच्चून, हे पाहुणं तीन महिने ठाण मांडून बसतं! मी दादाला म्हटलं, रविवारपर्यंत थांब, शनिवारी मी जाते. मशीन साफ झालं तर ते बाबांकडेच राहील. नाही झालं तर खुशाल घेऊन जा. तो म्हणाला, ठीक आहे, पण रविवारी दुपारी माझी गाडी दारात असेल.

आता यात एवढं काय, कॉम्प्युटर गेला तर गेला, असं कुणाला वाटेल. त्यांनी माझ्या बाबांना निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात बघायला पाहिजे होतं. आयुष्यभर हा माणूस सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसला. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, रजिस्टरला नोंद करायची, पुढं पाठवायचा. निवृत्त झाले आणि एकदम कागदच यायचा बंद झाला. दहा वाजले की इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीत खुर्चीवर बसायचे. दारात कुणी आलं की अर्धे उठायचे, आणि तो शेजाऱ्यांकडं गेला की परत बसायचे. जेवणात भाकरी अर्धी राहायची. मग मीच माझा जुना कॉम्प्युटर आणून दिला, आणि महिन्याभरात घर बदललं. बाबा लोकांचे अर्ज टाइप करायला लागले, तेही फुकट. कुणाचं रेशनकार्डावर नाव नाही, कुणाच्या दाखल्यावर आडनाव चुकलं, कुण्या म्हातारीची निराधार योजनेची पगार अडकली. पुसेगावाहून, पार कुठून कुठून माणसं येतात, ओसरीत बसतात, जाताना तुरीच्या शेंगा ठेवून जातात. सकाळची वंदना झाली, चहा झाला, की बाबा कॉम्प्युटरपुढं. भाकरी पूर्ण जायला लागली.

शनिवारी सकाळी जीपमधून उतरले, तर आई दारातच. कानाशी येऊन म्हणाली, "कसंबी कर पण ते डबडं नीट कर बाई. ते गेलं ना, तर हा माणूस दिवसभर माझ्या मागं मागं फिरंल, आन् माझ्या डाळीच्या डब्यांला आवक नंबर टाकंल." म्हणाली हसून, पण माझा हात काही सोडेना.

बाबांनी खुर्ची रिकामी करून दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. साहेब तपासणीला आल्यावर बसत असतील तसे. मी चालू केलं आणि आली की लगेच ती लाल भवानी. टुंई टुंई टुंई. माझा पारा चढला.

"बाबा, हे आलं कुठून?"

"आलं."

"असं कसं आलं? आपोआप नाही येत. कुणीतरी ओके दाबल्याशिवाय येत नाही. कुणी सांगितलं होतं तुम्हाला न वाचता ओके दाबायला?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "सांगा की आता." बाबांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि मला म्हणाले, "चुकलं बाई. पुढं बोल."

मी पुढं बोललेच. चांगली दहा मिनिटं बोलले. अख्खा तास घेतला म्हणा ना. अनोळखी सॉफ्टवेअर, परवानग्या, फसवणूक, सगळं झालं. बाबा "बराबर, बराबर" म्हणत ऐकत राहिले. आईनं आत भांडं जरा जोरात आपटलं, त्याकडं माझं लक्ष गेलं नाही.

मग कामाला लागले. आधी इंटरनेटची वायर काढली, म्हणजे चोराचा बाहेरचा रस्ता बंद. कुठले प्रोग्रॅम चालू आहेत ते बघायला गेले, तर त्या चोरानं ते पानच उघडू दिलं नाही. मग कॉम्प्युटर बंद करून सेफ मोडमध्ये चालू केला. त्यात फक्त कामापुरतंच चालतं, बाकी सगळं झोपलेलं राहतं. लाल खिडकीही झोपली. आता यादीतून ते सॉफ्टवेअर शोधून काढून टाकायचं, बस. पण यादी उघडली आणि मी कपाळाला हात लावला. रक्षक, सफाई, वेगवान, दुरुस्ती अशा अर्थाच्या इंग्रजी नावांची रांगच लागलेली. त्यातच बाबांचे मराठी टायपिंगचे जुने फॉन्ट, आणि जुना फॉन्ट नव्यात बदलायची दोन-तीन सॉफ्टवेअरं. चोराचं नाव सज्जनासारखं आणि सज्जनांची नावं चोरासारखी. एक चुकीचं काढलं असतं, तर बाबांनी इतक्या वर्षांत टाइप केलेल्या सगळ्या अर्जांची अक्षरं खडे-चौकोन होऊन बसली असती.

"हे कोणत्या दिवशी आलं तेवढं कळलं असतं ना," मी वैतागून म्हटलं, "तर तारखेवरून धरलं असतं. आता तीन महिन्यांपूर्वीचं कुणाला आठवणार!"

"तारीख पायजे का?" बाबा उठले. "मंग अगोदर काहून न्हाई बोललीस?"

कपाटातून त्यांनी जाडजूड रजिस्टर काढलं. लाल कापडी पाठीचं. वर त्यांच्या ठसठशीत अक्षरात: आवक. संगणक. मी हात पुढं केला, तर म्हणाले, "मी वाचतो. तू लिही." त्यांनी पहिली नोंद काढली आणि तारीख सांगितली. वेळसुद्धा सांगितली. सकाळी दहा वाजून पंचेचाळीस मिनिटं.

"बाबा, तुम्ही त्या खिडकीची नोंद केली?"

"सूचना आली म्हणल्यावर नोंद नको?"

एक नाही, रोजची केली होती. मला राहवेना. म्हटलं वाचा ना, आणि बाबा वाचायला लागले. आवक क्रमांक दोन, विषय: संगणकात विषाणू आढळल्याबाबत. कार्यवाही: डोळ्यांनी तपासणी केली, विषाणू दिसून आला नाही. आवक क्रमांक तीन, विषय तोच. कार्यवाही: टेबल पुसले. आवक क्रमांक नऊ, सूचना तातडीची असल्याने लेखी खुलासा तयार केला, पत्ता उपलब्ध नसल्याने रवाना करता आला नाही. तो खुलासाही जपून ठेवलेला. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदरहू संगणक घरगुती असून...' मी टेबलावर डोकं ठेवून हसायला लागले. बाबांना कळेना हसण्यासारखं काय आहे.

"आणि फोन? दादा म्हणत होता त्यांचे फोन येतात."

त्याचीही नोंद होतीच. बाबांनी खिडकीतल्या नंबरवर फोन लावला होता. कुणी एक माणूस हिंदीत म्हणाला, पैसे भरा, कार्डाचा नंबर सांगा. बाबांनी त्याला सांगितलं, आपली मागणी लेटरहेडवर लेखी पाठवा, त्यावर जावक क्रमांक आणि सक्षम अधिकाऱ्याची सही पाहिजे, त्याशिवाय प्रस्ताव विचारात घेता येणार नाही. तो माणूस फोनवर फोन करत राहिला आणि बाबा जावक क्रमांक मागत राहिले. शेवटी शेवटी बाबा त्यालाच समजावून सांगायला लागले की कार्यालय कसं चालवावं, रजिस्टर नसलं की पुढं किती तकलीफ होते. शेवटची नोंद अशी: 'समोरील इसमाने "अंकल, आप रहने दो" असे म्हणून प्रकरण स्वतःहून मागे घेतले.'

म्हणजे एक पैसाही गेला नव्हता! चोर यांच्यापुढं हात टेकून गेला होता आणि इकडं दादा गाडी घेऊन यायच्या तयारीत होता.

यादी तारखेवार लावली. त्या दिवशी, त्या वेळेला दोनच प्रोग्रॅम आलेले. एक फॉन्ट बदलायचं फुकटचं सॉफ्टवेअर, आणि त्याच्या पदराखालून शिरलेला आमचा पाहुणा. दोघांनाही काढलं. जाताना गयावया किती! खरंच काढायचं का? नक्की का? तुमचा संगणक असुरक्षित होईल! मी एकेक ओळ मोठ्यानं वाचून होय म्हणत गेले. नुसतं वाचून दाखवत होते बाबांना, शिकवणी म्हणून. मग ब्राउझरला दिलेल्या परवानग्या काढल्या, खऱ्या अँटिव्हायरसनं सगळं मशीन तपासलं, आणि पुन्हा साधं चालू केलं. लाल काही आलं नाही. बाबांचे अर्ज उघडून बघितले, अक्षर न अक्षर जागेवर.

बाबा गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ पडद्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "आज आवक निरंक." आणि हसले. इतके खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. हात-पाय धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेले, ते गुणगुणतच.

मी माझ्यावरच खूश होऊन खुर्चीत रेलले. तेवढ्यात आई आतून आली, पिठाच्या हातानं रजिस्टर उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "लय बोललीस ना सकाळी? आता पयलं पान वाच. सोताच्या डोळ्यानं."

पहिल्या पानावर, पहिल्याच नोंदीवर, त्या खुलाशाची एक प्रत टाचून ठेवलेली होती. टाचणी कोरी चकचकीत होती, आजचीच असावी. नोंद झाकायची नाही, खोडायची नाही, हे बाबांनी आम्हाला पाढ्यांच्याही आधी शिकवलेलं. मी टाचणी काढली. खाली त्यांचं अक्षर होतं.

'फॉन्टचे काम करताना स्क्रीनवर इंग्रजीत परवानगी मागत आहे. लेकीस नांदेडला फोन केला. वाचून दाखवू का, असे विचारले. ती वर्गावर निघाली होती. तोंडी आदेश: "काही नाही होत बाबा, ओके दाबा." त्याप्रमाणे ओके दाबले.'

मला आठवलं. हातात खडू होता. पहिल्या तासाला निघाले होते, नव्या पोरांच्या. तेच वाक्य फळ्यावर लिहायला.

बाबा पंच्याला हात पुसत आत आले, आणि माझ्या हातातली टाचणी बघून दारातच थांबले. आईकडं रागानं बघितलं. आईनं काही नजर खाली केली नाही.

"बाबा, सांगितलं का नाही मला? मी एवढं तोंड सोडलं तुमच्यावर, आणि दादा तर..."

"तोंडी आदेश होता," बाबा म्हणाले. "तोंडी आदेशाला पुरावा न्हाई. आन् तो तुला बोलला असता बाई. तू कॉलेजात शिकवतीस. मला बोलला तर काय, मी रिटायर माणूस."

मला रडू कोसळलं. चांगली पंचेचाळीशीची बाई मी, ओसरीत शेंगा घेऊन बसलेल्या दोन माणसांसमोर हुंदके देऊन रडले. मग पदरानं तोंड पुसलं, बाबांच्या खिशातला पेन ओढून घेतला, आणि त्या नोंदीखाली लिहिलं: 'वरील आदेश मीच दिला आहे. न वाचता, न ऐकता दिला आहे.' आणि सही केली.

बाबांनी चष्मा लावला. रजिस्टर उजेडात धरून वाचलं, दोनदा वाचलं. म्हणाले, "तारीख राहिली."

तारीख टाकली. मग दादाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि आवक क्रमांक एक पहिल्या अक्षरापासून माझ्या सहीपर्यंत वाचून दाखवला. नंतर तो जावक क्रमांकाचा किस्साही सांगितला.

"मग मी उद्या येऊ की नको?" दादानं विचारलं. आवाज पार खाली आलेला.

बाबा तोवर खुर्चीत बसून ओसरीतल्या पहिल्या माणसाचा कागद हातात घेत होते. मान वर न करता म्हणाले, "ये ना. जेवायला ये. जाताना गाडी रिकामी ने."