विमानातली बिडी

आमचं घर मुकुंदवाडीत. चिकलठाण्याला उतरणारं विमान आमच्या गच्चीवरून इतकं खालून जातं की दोरीवरचे कपडे काढून घ्यावेसे वाटतात. अप्पा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले आणि मग रोज संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून, बिडी ओढत विमान बघू लागले. तिकीट काढते, एकदा बसा, म्हणून मी किती मागे लागले.

"आत बिडी ओढू देतेत का?" ते विचारायचे.

"नाही."

"मग बसून करू काय? इथून फुकट दिसतंय की."

विषय संपला. पण घरी कोणी पाहुणा आला की त्याला मात्र रंगवून सांगायचे, एकदा वर बसून, खाली मुकुंदवाडी बघत बिडी ओढायची लई इच्छा आहे म्हणून. पाहुणा हसायचा. मीही हसायचे, आणि जरा चिडायचेही, कारण तिकिटाला नाही म्हणणारे तेच आणि इच्छा राहिली म्हणणारेही तेच.

ते गेले तेव्हा मला रडू आलं नाही. लोकांना वाटलं, मुलगी धीराची आहे. धीरबीर काही नव्हता. झोपेत अंगाखाली हात दबला की तो आपला वाटत नाही, तसं सगळं झालं होतं. लोक येत होते, चहा होत होता, माझ्या पाठीवरून हात फिरत होते, आणि ती पाठ दुसऱ्या कोणाची तरी असल्यासारखी मी बसून होते. मी एकुलती एक, त्यामुळे अग्नी काकांनी दिला. काका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. गावाकडे शेती करतात, गळ्यात तुळशीची माळ, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही.

दहावा पैठणला झाला. पिंड मांडून आम्ही लांब उभे राहिलो आणि कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले. गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, आणि ती गोष्ट पुरी करायचा शब्द कोणी दिला की शिवतो, असं आमच्याकडे मानतात. मग सुरू झालं. कोणी म्हणालं, लेकीकडे बघू. कोणी म्हणालं, घर विकणार नाही. उन्हाने डोकं तापलं, कावळे ढिम्म. मला काहीच सुचत नव्हतं. सुचलं असतं तरी तोंड उघडायचा कंटाळा आला होता.

तेवढ्यात काका पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "दादा, तुमची बिडी म्या विमानात पेटवतो. शबुद हाय माझा."

कावळा आला.

त्याला भूक लागली असेल, असं माझं अजूनही मत आहे. पण जमलेली सगळी माणसं हसली, कोणी डोळे पुसले, आणि जेवायला बसली. असं काही त्या वेळेपुरतं बोलायचं असतं, मग विसरायचं असतं, हे आम्हा शहरातल्यांना कळतं. काकांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

बऱ्याचशा अस्थी गोदावरीत गेल्या, थोड्या हरिद्वारला न्यायचं ठरलं. काका म्हणाले, दिल्लीपर्यंत विमानानं जाऊ. जन्मभर एसटीनं फिरलेल्या माणसाने असा हट्ट धरल्यावर मला संशय यायला हवा होता. त्या दिवसांत मला कशाचाच संशय येत नव्हता. तिकिटं काढ म्हटलं, काढली.

विमानतळावर तपासणी करणाऱ्या जवानाने पिशवीतला अस्थींचा तांब्या बघितला, कागद बघितले आणि हात जोडले. काकांच्या खिशातली काडेपेटी मात्र काढून घेतली. काकांनी मुकाट्याने दिली. काडी आणि पेटीचा एक तुकडा धोतराच्या कनवटीला होता, हे मला नंतर कळलं.

पिशवी डोक्यावरच्या कप्प्यात ठेवली. धूम्रपान करू नये, अशी सूचना हिंदीतून झाली तेव्हा काका कीर्तनाला बसल्यासारखे मान डोलवत ऐकत होते. विमान वर चढलं, पट्टे बांधायचा दिवा विझला, आणि ते "जाऊन येतो" म्हणून मागे गेले. मी खिडकीतून बघत होते. खाली मुकुंदवाडी केव्हाच मागे पडली होती.

मग कसला तरी भोंगा वाजला. विमानातल्या मुली मागे धावल्या, दारावर थापा पडल्या. मी उठून गेले तेव्हा काका शौचालयाच्या दारात खोकत उभे होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि एक मुलगी अर्धवट जळालेल्या बिडीवर बाटलीतलं पाणी ओतत होती. बिडी विझली तरी ती ओततच होती. बरोबरच होतं तिचं. तिथे आग लागली तर पळणार कुठे? मागच्या रांगेतला एक गृहस्थ ओरडला, ऐसे लोगों को बिठाते ही क्यूं हो? एकाने मोबाईल वर धरला. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. घाबरले तेवढी, तेही फक्त डोक्याने.

"आप अंदर बीड़ी पी रहे थे?" मुलीने विचारलं.

"मै नै पिता बाई," काका म्हणाले. "ये भाई की है."

"कहां हैं आपके भाई?"

काकांनी आमच्या जागेवरच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मला सांगावं लागलं. मी हिंदीत, बँकेत माहिती द्यावी तशा आवाजात सांगितलं, की माझे वडील वारले आहेत आणि त्या पिशवीत आहेत. मोबाईल खाली गेला. मुलगी हळू आवाजात म्हणाली की वाईट वाटतं, पण तिला कळवावंच लागेल.

जागेवर आल्यावर मी काकांवर फिस्कारले. "काय केलंत हे? तुरुंगात घालतील ना!"

"म्या वढली नाय, माय. तोंडाला लावली बी नाय," ते कळवळून म्हणाले. "नुसती पेटवून धरली व्हती, उदबत्तीवानी. वढू नका म्हनले, धरू नका कुठं म्हनले?"

जो नियम मोडतोय असं त्यांना वाटतच नव्हतं, तो मोडून ते बसले होते.

दिल्लीला उतरताच आम्हाला विमानतळाच्या पोलीस चौकीत नेलं. तिथला अधिकारी वाईट नव्हता. सगळं ऐकून, लिहून घेऊन त्याने विचारलं, "बाबा, पछतावा है?"

"है ना साहेब," काका म्हणाले. "पूरी कहां हुई?"

मी पटकन मधे पडून सांगितलं की खूप पस्तावा आहे. त्याने डोळे मिटून कपाळ चोळलं. जामीन झाला, बोलावलं की यायचं असं समजावून आम्हाला सोडलं. काकांचं त्याकडे लक्षच नव्हतं. पोलिसांची भीती त्यांना नव्हतीच. बिडी अर्धी विझवली, हे एकच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. दादाला शब्द दिला, कावळ्याने ऐकला, आणि काम अर्ध्यावर राहिलं.

स्टेशनला जायला टॅक्सी केली. दिल्लीत चांगली थंडी होती, काचा बंद होत्या. काका पिशवी मांडीवर घेऊन माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोचली असंल का गं दादाला?"

मी वैतागले होते. काहीतरी लागेल असं बोलणार होते. बोलायला म्हणून श्वास घेतला आणि मला अप्पांचा वास आला. काकांच्या सदऱ्याला, उपरण्याला, तोच. दार ढकलून अप्पा घरात आले की यायचा तो. ते गेल्यावर पाहुण्यांनी त्यांचे सगळे कपडे धुऊन टाकले होते, घर फिनेलने पुसलं होतं, आणि हा वास आता कुठेच नाही, हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

ड्रायव्हरने नाक मुरडलं, "बीड़ी की बदबू है," म्हणाला आणि मागच्या काचा खाली केल्या.

"काच वर घ्या," मी मराठीतच ओरडले. त्याला कळलं नाही. काकांनी चाचपडत बटण शोधून आपल्या बाजूची काच वर केली. मी माझ्या बाजूची केली आणि त्यांच्या बाहीत तोंड खुपसलं.

"पोचली," मी म्हणाले, आणि स्टेशन येईपर्यंत रडत राहिले.