रस्त्यापलीकडची ताई

टेलरबाईंचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पँट आखूड करायची, चेन बदलायची, असली बारीकसारीक कामं दिवसभर चालत. रस्त्याच्या बरोब्बर पलीकडे त्यांची थोरली बहीण राहायची. दुपारी जेवणं आटोपली की ताई काठी टेकत इकडे यायची आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसून जुनी शिवण उसवायची. उसवता उसवता साऱ्या गल्लीचीही शिवण उसवायची. दोघी पोट धरधरून हसत.

पण रस्ता ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ. ताई काठी वर करून सरळ रस्त्यात उतरायची आणि गाड्या करकचून ब्रेक मारायच्या. एकदा एक मोटरसायकल इतकी घासून गेली की काठीच उडाली. ताई उलट त्यालाच चार शिव्या हासडून आली. टेलरबाई मात्र तेव्हापासून ताईच्या यायच्या वेळी मशीन थांबवून दारात उभ्या राहू लागल्या.

त्यामुळे नगरपालिकेने रस्त्याविषयी लोकांची मतं ऐकायला सभा बोलावली, तेव्हा त्या दुकान बंद करून गेल्या. शाळेच्या हॉलमध्ये भिंतीभर नकाशा लावला होता. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक हसतमुख मुलगी सगळ्यांना रंगीत टिकल्या वाटत होती. "जिथे अडचण आहे तिथे चिकटवा. हा रस्ता तुम्हीच आखायचाय!" टेलरबाईंनी आपली लाल टिकली दोन्ही घरांच्या मधोमध चिकटवली. मग माइक हातात आला. आयुष्यात कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, पण बोलल्या.

"माझी बहीण रोज जीव मुठीत धरून रस्ता ओलांडते. पांढरे पट्टे मारा, सिग्नल लावा. चालणाऱ्या माणसालाही थोडं माणसात धरा."

टाळ्या पडल्या. कोणीतरी फोटो काढला. घरी येताना टेलरबाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

काम खरोखरच सुरू झालं. फूटपाथवर गुळगुळीत फरश्या आल्या, बाकडी आली. "बघ, बोललं की होतं!" त्या ताईला म्हणाल्या. मग एके सकाळी माणसं आली आणि रस्त्याच्या मधोमध लोखंडी कठडा ठोकू लागली. छातीएवढा उंच, या चौकापासून त्या चौकापर्यंत सलग. ओलांडायचं असेल तर वळणावरचा नवा पूल, आणि पुलाला नुसते जिने. जिन्याच्या तोंडाशी भला मोठा फलक लागला: 'तुमचा रस्ता, तुमचा आवाज'. त्यावर हातात माइक धरलेल्या टेलरबाई.

त्या तडक नगरपालिकेत गेल्या. इंजिनियर साहेब सौजन्याने वागले, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मी पट्टे मागितले होते, साहेब."

"तुमचं दुखणं आम्ही मुळापासून काढलं, बाई. सिग्नलने गाड्या तुंबतात. आता कोणाला रस्त्यात उतरावंच लागणार नाही."

"आणि जिना कोण चढणार? माझी ताई?"

"सभेत तुम्ही जिन्याबद्दल काहीच बोलला नव्हतात," साहेब म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

ताईने एकदा प्रयत्न केला. पहिल्या वळणापर्यंत चढली, धापा टाकत बसली आणि तशीच बसत बसत पायरी पायरीने खाली उतरली. लोक बघत होते. त्या संध्याकाळी फोन आला.

"छोटे, तुला कोणी सांगितलं होतं बोलायला? काठी दाखवली की थांबत होते ना मेले!"

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी! मला विचारलं होतंस का कधी?"

सभेत साऱ्या गावाला विचारलं होतं. ताईला घेऊन जावं हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पलीकडची गिऱ्हाइकं तुटली. अलीकडची कपडे टाकताना टोमणा मारून जात. "काय टेलरबाई, आता पुढचा पूल कुठे?" त्या मान खाली घालून माप घेत. दुपारी कठड्याच्या गजांतून ताई दिसायची, दारात खुर्ची टाकून एकटीच बसलेली. पहिले काही दिवस दोघी हात करत. मग ताईने खुर्ची आत घेतली.

पावसाळ्याआधी ताईचा मुलगा तिला लांब, आपल्या घरी घेऊन गेला. सामान चढवलं जात होतं तेव्हा टेलरबाई पूल चढून धावत निघाल्या. वर पोचतात तोवर गाडी खालून गेलीसुद्धा.

काही महिन्यांनी ती ओळखपत्रवाली मुलगी दुकानात आली. शेजारच्या रस्त्याचं काम निघालं होतं. "आजी, सभेला याल ना? तुमच्यासारखं मनापासून कोणीच बोलत नाही."

टेलरबाईंनी दोरा दाताने तोडला.

"मुली, तुला काही शिवायचंय का?"

"नाही... शिवायचं नाही काही."

"मग दारातून जरा बाजूला हो. उजेड अडतोय."