गडग्याचा अर्धा डाव

मालगुंडात लीलाताईंचं घर कुठलं म्हणून विचारलंत, तर त्या वर्षी लोक आधी हसायचे आणि मग बोट दाखवायचे. हसायला कारणही तसंच होतं. या बाईने माजघराच्या मधोमध कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालून ठेवलं होतं. ज्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी शिरलं नाही, त्या घरात डालगं! बरं, डालग्याखाली कोंबडी असती तरी एक वेळ समजलं असतं. होते लाकडाचे तुकडे. माणूस एकटं राहिलं की त्याच्याबद्दल काहीबाही बोलायला लोकांना जोर येतो. पण लीला काही वेडी नव्हती. ती एका खेळीची वाट बघत होती, इतकंच.

आता ही खेळी कसली, ते सांगायचं तर तिच्या वडिलांपासून सुरुवात करायला हवी. आप्पांची आंब्याची बाग होती. हंगामात पेट्या घरीच ठोकायच्या, आणि फळ्यांचे उरलेले तुकडे चुलीत जायचे. एका पावसाळ्यात घरात बसून बसून कंटाळलेल्या आप्पांनी ते तुकडे सारख्या मापाचे चौकोनी कापले, कानशीने घासले आणि तापवलेल्या खिळ्याने त्यांवर रेघा ओढल्या. रेघ म्हणजे गडगा. बागेभोवती दगडावर दगड रचून आपण बांध घालतो ना, तोच. कुठल्या तुकड्यावर गडगा सरळ जाई, कुठल्यावर कोपऱ्यात वळे, आणि काही तुकड्यांवर आंब्याचं एकेक झाडही काढलेलं असे. तुकडे वाटून घ्यायचे आणि आळीपाळीने एकेक जमिनीवर मांडायचा. गडग्याला गडगा भिडला पाहिजे. ज्याच्या हातून वेढा पुरा होईल, आतली सगळी झाडं त्याची. ज्याची झाडं जास्त, तो जिंकला. भाताला आधण चढवून बसलं तर भात होईपर्यंत एक डाव आरामात व्हायचा.

खेळ घरादारासाठी म्हणून केला खरा, पण आप्पांना हरणं सोसत नसे. हरले की तुकडे उधळून उठायचे आणि पानावर बसले तरी घास गिळायचे नाहीत. मग आई कोपऱ्यात डोळे पुसायची. लीला तेव्हा लहान होती, पण पोर चलाख. तिने एक युक्ती शोधून काढली. नेमका तुकडा हातात यायचा, ती तो चिमटीत धरून फिरवायची, कुठे बसतो ते बघायची, आणि मग परत सरळ करून भलतीकडेच ठेवून द्यायची. आप्पांनी वेढा पुरा केला की कपाळावर हात मारायचा आणि म्हणायचं, "अगोबाई, हे बघितलंच नाही मी." आप्पा खूश व्हायचे, भात मागून घ्यायचे. घरात शांतता.

पुढे आई गेली. धाकटा भाऊ चारुदत्त तेव्हा एवढासा होता. त्याला लीलानेच वाढवलं. तोही बापाचाच लेक, हरला की पाय आपटायचा. मग त्याच्यासमोरही लीला अगोबाई करत राहिली. तिला स्थळं येत होती, नाही असं नाही. पण आप्पा अर्धांगाने अंथरुणाला खिळले, चारू शाळेत, बाग अंगावर. "पुढच्या वर्षी बघू" म्हणता म्हणता बघणारी माणसंच यायची बंद झाली. आप्पा गेले. चारू मुंबईला बँकेत लागला, दादरला बिऱ्हाड केलं, लग्न केलं. लीला बागेला राहिली. तिच्याशिवाय बागेकडे बघणार तरी कोण होतं?

राखण, मोहोर, फवारणी, पेट्या, दलाल, यात दिवस जातो हो. संध्याकाळ जात नाही. दिवा लावून झाला की लीला कधी कधी तुकडे काढायची आणि दोन्ही बाजूंनी आपणच खेळायची. पण आपल्याच मनात काय आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. त्यात कसली मजा! एकदा तिने तुळसाला बसवून बघितलं. तुळसा म्हणजे घरी सारवण-लोटण करायला येणारी बाई, नवरा आणि दोघे मुलगे मुंबईला. एका डावातच ती उठली. म्हणाली, "बाय, दिसभर खऱ्या गडग्याचे दगड उचलतंय. आता हे लाकडाचे तुकडे कोन उचलील?" तिचंही काही चुकलं नव्हतं.

राहता राहिली मैना, चारूची एकुलती एक लेक. शाळेतलं नाव निराळं, घरात मैना. दर मे महिन्यात आली की पिशवी टाकायची आणि "आत्या, गडगा काढ" म्हणायची. तिच्याशी लीला मनापासून हरली. आप्पांशी भीतीने हरायची, चारूशी कीव येऊन, आणि मैनाशी मायेने. पोर टाळ्या पिटत घरभर नाचायची, आणि लीलाला वाटायचं, बस, वर्षाची बेगमी झाली.

मग तो गेल्या मेचा डाव आला. मैना तेरा वर्षांची झाली होती, उंच झाली होती. दुपारी दोघी माजघरात जमिनीवर बसल्या. चार-पाच खेळ्या झाल्या आणि लीला चपापली. पोरीने तिचा एक चांगला वेढा मधेच सरळ गडगा घुसवून बिघडवला होता, आणि तोंडावरची रेघही हलू दिली नव्हती. लीलाने पदर खोचला. तिने मैनाची वाट अडवली, मैनाने दुसरीकडून काढली. चूल विझली तरी कुणी उठलं नाही. लीला खरी खेळत होती. जन्मात पहिल्यांदा तिला जिंकायचं होतं, अगदी लहान मुलाला जिंकायचं असतं तसं, आणि समोर कुणीतरी होतं जे तिला जिंकू देणार नव्हतं. असा आनंद तिला कुठल्या सणाला झाला नव्हता.

शेवटी मधे एक मोठा वेढा राहिला. आत पाच झाडं, आणि एकच चौकोन रिकामा. मैनाच्या हातात दोन तुकडे, लीलाच्या हातात एक. खेळी मैनाची. आणि नेमका बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला. शेवटच्या पेट्या घेऊन तो हातखंब्याला चालला होता, आणि त्यातूनच सगळ्यांना तिथवर जाऊन मुंबईची गाडी गाठायची होती. चारू ओरडायला लागला. मैनाने आपले दोन तुकडे जमिनीवर पालथे ठेवले.

"आत्या, मोडू नको हं. माझी खेळी राहिलीय. पुढच्या मेमध्ये."

"नाही मोडत," लीला म्हणाली.

आणि नाही मोडला तिने. तुळसा सारवायला आली की त्या डावाभोवतीने हात फिरवायची आणि कुरकुरायची. सगळं माजघर हिरवंगार सारवलेलं आणि मधे तेवढा चौकोन कोरडा. पावसाळ्यात त्याला ओल धरली, नंतर पोपडे सुटले. मांजराने एकदा दोन तुकडे उडवले, ते लीलाने होते तसे परत लावले आणि त्याच दिवशी तुळसाच्या घरचं डालगं मागून आणलं. लोकांनी हसायचं ते हसून घेतलं. रोज दिवा लागला की लीला डालगं उचलायची आणि बघत बसायची. मैनाचे पालथे तुकडे तिने उलटून बघितले नाहीत, पण त्याची गरजही नव्हती. आप्पांचे तुकडे तिला पाठ होते. मैनाकडे एक सरळ गडगा आणि एक वळणाचा. तो वळणाचा उलटा फिरवून बसवला की पाच झाडं मैनाची, आणि डावही तिचाच. नाही बसवला तर लीला आपल्या तुकड्याने वेढा पुरा करणार. मैनाला ते दिसेल का? कधी वाटायचं, दिसू नये. मग लगेच वाटायचं, दिसावं. दिसायलाच हवं. तेवढ्यासाठी तर हे सगळं जपून ठेवलंय.

मेच्या सुरुवातीला चारूचा निरोप आला. यंदा गोव्याला जाणार, गाडी ठरवली आहे, वाट वाकडी करून दुपारी जेवायला येतो, राहणं काही जमायचं नाही. एक दुपार. लीलाने मन घट्ट केलं. एका खेळीला कितीसा वेळ लागतो?

आली माणसं. मैना ओळखू येईना. केस कापलेले, अंगात पँट, हातात ती कानाला लावून गाणी ऐकायची टेप. वाकून नमस्कार केला, "कशी आहेस आत्या?" म्हणून विचारलं. गडगा काढ म्हणाली नाही. जेवणं झाली. फणसाची भाजी सगळ्यांना आवडली. चारू हात धुताना बायकोला सांगत होता, "लहानपणी ताईला मी सदा हरवायचो त्या खेळात. एकदा म्हणून जिंकली नाही बिचारी." लीलाने त्याला टॉवेल दिला.

मग ती माजघरात गेली आणि डालगं उचललं. मैना उंबऱ्यात उभी होती. तिने आधी तुकड्यांकडे बघितलं, मग भोवतालच्या पोपडे सुटलेल्या जमिनीकडे, मग आत्याकडे. टेपचे हेडफोन तिने कानावरून काढून गळ्यात अडकवले.

"आत्या, हे... तू तेव्हापासून ठेवलंयस?"

"तूच म्हणालीस ना, मोडू नको म्हणून. बस. तुझी खेळी."

मैना बसली. बाहेर ड्रायव्हर गाडी पुसत होता, चारू घड्याळ बघत होता. मैनाने आपले दोन तुकडे उचलले. डावावरून नजर फिरवली, एकदा, दोनदा. आणि मग तिचे डोळे त्या मधल्या रिकाम्या चौकोनावर येऊन थांबले. मैनाने वळणाचा तुकडा चिमटीत धरला. फिरवला. बरोबर उलटा. दिसलं होतं पोरीला!

मग तिने तो परत सरळ केला आणि दूर कडेला, जिथे त्याचा काही उपयोग नव्हता तिथे ठेवून दिला.

लीलाचा हात आपोआप पुढे गेला. तिने आपला तुकडा रिकाम्या जागी बसवला. वेढा पुरा झाला. पाच झाडं.

मैनाने कपाळावर हात मारला. "अगोबाई," ती म्हणाली, "हे बघितलंच नाही मी."

मुंबईच्या शाळेत जाणारी, टेप ऐकणारी पोर कशाला अगोबाई म्हणेल? ते शब्द लीलाचे होते. म्हणजे मैनाला सगळं माहीत होतं. आजचं तर होतंच, पण मागचंही सगळं, टाळ्या पिटून नाचत होती तेव्हापासूनचं. आत्या हरते कशी ते तिने बघून ठेवलं होतं आणि आज मायेने, अगदी मायेने परत केलं होतं. ती मान कलती करून आत्याच्या तोंडाकडे बघत होती. आत्या खूश झाली का?

लीलाला हे बघणं ओळखीचं होतं. जन्मभर ती स्वतः असंच समोरच्याकडे बघत आली होती. आता खूश व्हायची पाळी तिची होती. तिने टाळी वाजवली आणि म्हणाली, "जिंकले गं बाई एकदाची."

"बाबा, आत्या जिंकली," मैनाने ओरडून सांगितलं. चारू दारातून हसला. मैनाने आत्याला घट्ट मिठी मारली, आणि गाडी गेली.

लीला परत माजघरात येऊन बसली. तिने आपला तुकडा काढला, मैनाचा कडेला टाकलेला वळणाचा तुकडा उचलला आणि उलटा करून मधे बसवला. चपखल बसला. पाच झाडं मैनाची. असा संपायला हवा होता डाव. ती हरली असती, आणि किती बरं वाटलं असतं तिला. पण आपल्या हाताने बसवलेल्या तुकड्याला काय अर्थ? ती रडली. मोठ्याने रडली, ऐकायला होतंच कोण घरात.

सकाळी तुळसा शेणाचं घमेलं घेऊन आली तेव्हा तुकडे डब्यात भरून झाले होते आणि डालगं ओटीवर ठेवलं होतं.

"हे तुझं डालगं घेऊन जा," लीला म्हणाली, "आणि आज हा चौकोनही सारव."

"झाला का डाव?" तुळसा खाली बसली. "कोन जितला?"

"मैना."

"काय सांगतासा! काल तर ती पोर वरडत होती, आत्या जिंकली म्हनून. मी इरीवर पानी भरताना आयकलं."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. मुद्दाम हरली ती. मीही तेच करत आले, तुळसा. आप्पांशी, चारूशी, तिच्याशी. सगळ्यांशी."

तुळसाने घमेल्यात हात घातला होता, तो तसाच राहिला.

"मंग बाय, खरा डाव कुनी खेळलंच नाय म्हना की कदी."

"एकदा खेळले," लीला म्हणाली. "गेल्या मेमध्ये. भोंगा वाजेपर्यंत."

तुळसाने पोपडे हाताने झाडले, कोरड्या मातीवर पाणी शिंपडलं आणि सारवायला घेतलं. नवा चौकोन बाकीच्या जमिनीपेक्षा गडद दिसत होता, आणि पहिला पाऊस पडला तरी तो तसाच वेगळा दिसत राहिला.