आजोबांचा लंगोट आणि रिठ्याचं पाणी

बायको घरीच रिठे उकळून कपडे धुवायचं पाणी करते. फेस असा, की म्हैस हरवावी. त्यात तिनं चुकून आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, लंगोट भिजवला. त्यांच्या शेवटच्या कुस्तीची तांबडी माती राहावी म्हणून वडिलांनी तो कधीच धुऊ दिला नव्हता.

"पाणी वतू नगंस, पोरी," म्हणत वडील बादलीपाशी बसले.

फेस विरला, माती तळाशी बसली आणि तिच्यावर रुंद पंजा उमटला. परातीएवढा, कमी नाही.

"आबा सलामीला बोलवत्यात," वडील हळूच म्हणाले आणि कुस्तीआधी जोडीदाराशी हात मिळवावा तसा त्यांनी पाण्यात हात घातला.

हात बाहेर आला तो कोरडा ठणठणीत. मुठीत माती होती, तीही कोरडी. ती डबीत भरून वडील म्हणाले, "आता वता."

मी बादली उचलायला गेलो. ती हलेना. "आता तुझी सलामी हाय," वडील म्हणाले.