आधी थोरलीला

सत्कार म्हटला की मराठी माणसाला शाल आठवते. सिंगापुरात यिशुनच्या आमच्या ब्लॉकच्या कमिटीत मी एकटीच मराठी. ज्येष्ठ स्त्रियांच्या सन्मानासाठी लोकरीची शाल मीच सुचवली. बाहेर बत्तीस डिग्री होतं, पण कोणी काही बोललं नाही. सिंगापूरची माणसं सभ्य आहेत.

पहिला मान रोकिया मकचिकना द्यायचं ठरलं. मकचिक म्हणजे मलयमध्ये मावशी. त्या ओरांग सेलेतार, म्हणजे या उत्तरेच्या खाडीत होडीतच जन्मून होडीतच राहिलेल्या लोकांपैकी. होडीतलं राहणं सुटल्यावर फ्लॅटमध्ये आलेल्या बायकांना गॅस पेटवायला आणि लिफ्टचं बटण दाबायला त्यांनीच शिकवलं. स्वतः मात्र अजून जिनाच चढतात.

स्टेजवर मी शाल उलगडली आणि मकचिक मागे सरकल्या.

"माझी थोरली बहीण जिवंत आहे. तिच्या आधी मी कशी घेऊ?"

कमिटीने टाळ्या वाजवून वेळ मारून नेली. मी शालीची पुन्हा घडी घातली. सासरी थोरल्या जाऊबाईंच्या आधी मी कधी चहासुद्धा घेतलेला नाही.

रविवारी आम्ही दोघी बसने पूल ओलांडून मलेशियातल्या जोहोरला गेलो. खाडीकाठी खांबांवरच्या घरात बहीण जाळं सांधत होती. तिने शालीकडे पाहिलं आणि कोपऱ्यात बसलेल्या त्या दोघींच्या आत्याकडे बोट केलं. आत्या नव्वदीच्या पुढची. तिने शाल चाचपून पाहिली, माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली, ही वहिनीला द्या, होडी वल्हवायला आम्हाला तिनेच शिकवलं.

वहिनी म्हणजे मकचिकची आई. तिला जाऊन कैक वर्षं झाली होती आणि तिची कबर यिशुनला होती. आम्ही पुन्हा इमिग्रेशनच्या रांगेत उभ्या राहिलो. मी मनातल्या मनात कमिटीला चार शब्द सुनावले.

कबरीवर दगड नव्हता, त्यामुळे फ्लॅट बांधताना बाकीच्या कबरी हलवल्या तेव्हा ती कोणी हलवलीही नाही. वर कार पार्क झाला. मकचिक खाडीच्या बाजूचा अंदाज घेत दोन गाड्यांच्या मधे जाऊन थांबल्या. मी शाल अंथरली. मला रडू आलं, त्यांना नाही.

एका गाडीवाल्याने काच खाली करून अदबीने विचारलं, ही जागा रिकामी आहे का?

"नाही," मकचिक म्हणाल्या. "इथे माझी आई आहे."