कानबाईमागची भिंत

१९५३ सालचा श्रावण, कानबाईचा आदला दिवस, शनिवार. मी माजघराच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा हात देत होते. रविवारी कानबाई बसणार, सगळी भावकी अमळनेरला आमच्या घरी रोटांचा प्रसाद खायला येणार, आणि पाया पडताना प्रत्येकाची नजर देवीमागच्या भिंतीवर जाणार. लग्न झाल्यापासून ती भिंत मीच रंगवत आले होते.

मी केळी काढायची. माझं माहेर सावद्याचं, लहानपण केळीच्या बागेत गेलेलं. वालाच्या पानांचा हिरवा रंग, गेरू, काजळी आणि बाभळीची चावून मऊ केलेली काडी, एवढ्यावर मी लोंबणारा घड आणि वाऱ्याने फाटलेलं पान हुबेहूब उतरवत असे. एरवी या घरात मी कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची आई. त्या एका दिवशी बायका भिंतीकडे बघून म्हणायच्या, सावदेवालीचा हात आहे. त्या एका वाक्यावर मी वर्ष काढत असे.

त्या वैशाखात धाकटी जाऊ घरात आली. साक्रीच्या बाजूची. तिच्या वडिलांच्या शेतात कापूस वेचायला डोंगरातली माणसं उतरत. त्यांच्या बायकांच्या झोपडीत बसून ती घोडे काढायला शिकली होती. आल्या आल्या तिने पाण्याच्या रांजणावर एक घोडा काढला. शेजारणी पाणी प्यायच्या निमित्ताने यायला लागल्या. इतकी तहान आमच्या आळीला पूर्वी कधी लागली नव्हती.

शनिवारी सकाळी सासूने सांगितलं, यंदा अर्धी भिंत धाकटीला दे. मी बरं म्हणाले आणि ओल कमी होताच कामाला लागले. दुपारच्या जेवणाआधी या टोकापासून त्या टोकापर्यंत केळीच केळी. जिथे घड बसेना तिथे नुसतं पान काढलं. बोट टेकायला जागा ठेवली नाही.

धाकटी आली, भिंत पाहिली. चेहरा होता तसाच. "अक्का, उरलेला गेरू घेऊ का?" तिने विचारलं.

उरलेल्या गेरूला नाही कसं म्हणणार? घे म्हटलं.

तिने स्वयंपाकघराच्या दाराशी असलेली धान्याची मातीची कोठी निवडली. संध्याकाळपर्यंत कोठीभोवती घोडे धावायला लागले. खाली हातात हात गुंफून नाचणारी माणसं, काडीसारखी, पण ठेका कळत होता. माझ्या केळी नुसत्या उभ्या होत्या.

रविवारी माणसं आली. बायका कानबाईला हळदकुंकू वाहायच्या, भिंतीकडे बघून मान हलवायच्या आणि आत कोठीपाशी जाऊन बसायच्या. मी चुलीशी पुरणपोळ्या करत होते, त्यामुळे ऐकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. नवऱ्याची एक चुलती कोठीवरून हात फिरवत म्हणाली, "केळी ते रोजनी शे. आसा घोडा कोठे देखा?"

माझी तव्यावरची पोळी करपली. शेजारी जेवायला बसलेल्या धाकटीने ती आपल्या पानाखाली सरकवली, म्हणजे कुणाला दिसू नये. त्याचाही मला रागच आला. मी मोठ्याने म्हणाले, कोठी धान्यासाठी असते, रंगवली की उंदीर घोड्यावर बसून येतील. बायका हसल्या, धाकटीही हसली. चांगलं बोलले होते, पण उपयोग झाला नाही. पुन्हा सगळ्या घोड्यांकडेच वळल्या.

सासू माझ्याजवळ बसून पोळ्यांवर तूप सोडत होती. मान वर न करता, मला एकटीला ऐकू जाईल इतकं बोलली. "तू उनी, तवय मी मन्ही भीत तुले दिन्ही."

तिने दिलेली तिची भिंत. मग आठवलं. मी नवी असताना त्या भिंतीवर मोर होते, पारोळ्याकडच्या पद्धतीचे, लांब मानेचे. सासूचं माहेर पारोळा. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मातीचा हात देताना ते खाली गेले आणि वर माझे घड आले. सासू तेव्हा काही बोलली नव्हती. तिला काय वाटलं असेल ते आज, चुलीशी बसून, मला चांगलंच ठाऊक होतं.

म्हणून धाकटीबद्दलची जळजळ थांबली असं नाही. थोडी जागा बदलली एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर कानबाई बोळवून आलो. बाकीचे चहाला बसले. मी पांढरी माती कालवली आणि भिंतीची उजवी बाजू मधल्या खांबापर्यंत कोरी करून टाकली. धाकटीला सांगितलं, पुढच्या श्रावणात हा भाग तुझा.

डावी बाजू ठेवली. दारातून येणाऱ्याची नजर आधी डावीकडेच जाते.