पहिल्या ट्रॅकवर उलटा जाणारा सयाजी

सयाजी,

पत्र बघून दचकू नकोस. खोलीचं काही नाही. खोली तू झाडून-पुसून दिलीस, बल्बसुद्धा जागेवर ठेवून गेलास, त्यामुळे त्या बाबतीत मला बोलायला जागा नाही. मला एकच गोष्ट विचारायची आहे. पण ती नुसती विचारली तर तू नेहमीसारखा "व्हय बाई" म्हणशील आणि गप्प बसशील. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते, तुला माहीत असलेलंही. दुसऱ्या कुणाच्या हातात पडलं तरी त्याला समजावं.

तू आलास तेव्हाच मला तू आवडला नव्हतास. भोसरीत एकट्या बाईने वरच्या खोल्या भाड्याने द्यायच्या म्हणजे संशय घेणं हे कामच असतं. समोरच्या गल्लीत एका भाडेकरूने करार संपल्यावर खोली सोडायला साफ नकार दिला होता, आणि मालक अजून कोर्टाच्या पायऱ्या चढतोय. तू फार कमी बोलायचास. कमी बोलणाऱ्या भाडेकरूला मी जास्त घाबरते. तुझी बायको रंभा निदान नळाला पाणी आलं नाही तर भांडायची.

तुझी माहिती मी तुकड्यातुकड्यांनी काढली. कळंबजवळचं गाव, तीन भावांत धाकटा. इथे आलास तो एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये हेल्पर म्हणून, लोखंडाचा चुरा झाडायला. जेवणाच्या सुट्टीत एक म्हातारा ऑपरेटर तुला फोर्कलिफ्टवर, त्या माल उचलायच्या गाडीवर, बसू द्यायचा, तू त्याला तंबाखू मळून द्यायचास. तिथून लायसन्स, आणि मग चाकणच्या गोदामात कायमची मशीन. कायमची म्हणजे मशीन, तू नव्हेस. तू ठेकेदाराचा माणूस. मुलगी तेजस्विनी लातूरला नर्सिंग शिकते, आणि ती शिकते आहे तोवर तुला मशीनवरून उतरायचं नाही, हे रंभाने मला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं.

आता त्या खेळाचं. माझी नात उत्कर्षा रावेतला राहते. तिने लहानपणीचा तो गाड्यांच्या शर्यतीचा खेळ माझ्या टीव्हीला जोडून ठेवलाय, कारण तिच्या घरी आता नवीन आलाय. कधी रविवारी आली की खेळते. तू वरच्या टाकीचा कॉक दुरुस्त करून पाना परत द्यायला आलास आणि दारातच थांबलास. उत्कर्षाने खेळता खेळता एक बटण दाबलं, आणि पडद्यावर पुढचा रस्ता जाऊन मागचा दिसायला लागला, मागून कोण येतंय ते बघायला.

"हे मागचं दिसतं व्हय?" तू विचारलंस. वर्षभरात तुझ्या तोंडून आलेला तो पहिला प्रश्न.

सोमवारी पहिली शिफ्ट संपवून तू सरळ माझ्या दारात. जरा ते खेळू का, म्हणालास. पन्नाशीला आलेला माणूस, शर्टाला गोदामाची धूळ, आणि म्हणे खेळू का. मी हो म्हटलं, ते केवळ तुला काय हवंय ते बघायला. चांदीचं निरंजन आधीच आतल्या कपाटात हलवलं होतं. मग पेपर घेऊन तुझ्या मागच्या खुर्चीत बसले आणि एक अक्षर वाचलं नाही.

तू पहिलाच ट्रॅक निवडायचास. नवशिक्यांसाठी असतो तो. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवळ, दोन मोठी वळणं आणि परत सुरुवातीची रेघ. खड्डा नाही, पाणी नाही, कुठून खाली पडायची सोय नाही. उत्कर्षा त्याला बाळांचा ट्रॅक म्हणते. त्यात मला गैर वाटलं नसतं. पण झेंडा पडला की बाकीच्या गाड्या पुढे सुटायच्या आणि तू ते मागचं बघायचं बटण दाबून धरायचास आणि गाडी उलटी, मागच्या मागे घ्यायचास. पडद्यावर भली मोठी खूण यायची, चुकीच्या दिशेने जाताय म्हणून. तुला तिचं काही वाटायचं नाही. वळणावर हिरवळीत शिरायचास, तिथेच फिरत बसायचास, तोवर शर्यत संपायची. तू शेवटचा. मग पुन्हा तोच ट्रॅक.

असं रोज. मी विचारलं, दुसरा ट्रॅक का घेत नाहीस? "हाच बरा हाय." सरळ का चालवत नाहीस? "असंच बरं हाय." रविवारी उत्कर्षाने बघितलं आणि मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आजी, तुझा भाडेकरू बाळांच्या ट्रॅकवर रिव्हर्समध्ये चाललाय. एवढं रिव्हर्स तर भोसरीतले रिक्षावालेपण घेत नाहीत." ती हसत होती. मी हसले नाही. ज्या माणसाला जिंकायचं नाही आणि तरी तो रोज येतो, त्याला खेळ नको असतो, दुसरं काहीतरी हवं असतं. मला वाटलं, हॉलमध्ये बसायची सवय लावतोय. आज खेळायला, उद्या टीव्ही बघायला, परवा म्हणेल माझा इथे वावर आहे.

रंभाला बोलावून घेतलं. तिने पदर खोचला आणि मलाच सुनावलं. "मला काय ठाव बाई. घरी आलं की गप बसतेत. तुमच्याकडं येऊन खेळतेत तर मला वाटलं तुम्हीच बोलवता." म्हणजे तिलाही संशय, आणि तो माझ्यावर. पण बोलता बोलता तिने एक सांगितलं, की तू हल्ली उशी घेत नाहीस, आणि मोटारसायकल फाटकातून मागे घेताना तिला बाहेर उभं करतोस.

ते मीही पाहिलं होतं. मागून हाक मारली तर तू मान वळवायचा नाहीस. अख्खा वळायचास, कपाट सरकवल्यासारखा. मी तो माज समजत होते. म्हणून त्या दिवशी तू खेळत असताना मी मुद्दाम तुझ्या पाठीमागून, जरा डावीकडून हाक मारली. तू कंट्रोलर खाली ठेवलास, सोफ्यावरून उठलास आणि मग माझ्याकडे बघितलंस.

"मान कधीपासून आखडलीय?" मी विचारलं.

तू दाराकडे बघितलंस, रंभा जिन्यात नाही ना म्हणून.

"वळंना गेलीय बाई. दिवाळीच्या आधीपासून. कुणाला बोलू नका."

मग जे सांगितलंस ते तुझ्या मानाने पुष्कळच होतं. समोर खोक्यांची उंच थप्पी असली की फोर्कलिफ्टवाल्याला पुढचं दिसत नाही. मग तो गाडी उलटी नेतो, मान मागे वळवून, गोदामभर. वर्षानुवर्षं एकाच खांद्यावरून. तुझी मान त्यातच गेली. आणि आता गोदामात नव्या मशिनी येणार होत्या, मागे कॅमेरा आणि पुढे पडदा असलेल्या. मान न वळवता पडद्यात बघून उलटं जायचं. सगळ्या ऑपरेटरांची एकेकदा ट्रायल होणार. जमलं त्याला मशीन, नाही जमलं त्याला लेबल चिकटवायला बसवणार. तुला ती मशीन म्हणजे देवच पावला होता. मान न वळवता काम, म्हणजे आणखी काही वर्षं. फक्त पडद्यात बघून उलटं जाणं जमायला हवं होतं, आणि कुठे शिकायचं? गोदामात शिकायला मागितलं तर विचारतील, तुला कशाला पाहिजे रे, मान बघू.

म्हणून बाळांचा ट्रॅक. रस्ता सोपा, म्हणजे चूक झाली तर ती फक्त हातांची.

त्यानंतर मी तुझ्यावर संशय घेणं बंद केलं असं समजू नकोस. डॉक्टरकडे चल म्हटलं तर नाही म्हणालास, कागदावर येईल म्हणून. त्यात तुझं खरं असेल. पण मी पेपर बाजूला ठेवून बघायला लागले, आणि तुला जमत गेलं हेही खरं. आधी एका वळणात, मग दोन्ही वळणांत. एक दिवस तू आख्खा ट्रॅक उलटा फिरून रेघेपर्यंत आलास, चाक एकदाही हिरवळीला लागलं नाही. खेळाच्या लेखी तू शेवटचाच होतास. मी चहा टाकला.

आणि चहा पिताना मला तुझ्या हातांचा संशय आला. पडद्यावर डावीकडे जायचं असलं की तू कंट्रोलरची दांडी उजवीकडे दाबत होतास. मी आयुष्यभर मुलांना आरसे आणि भिंगं शिकवली आहेत, हे माझ्या नजरेतून सुटणार नव्हतं. खेळातला तो मागचा देखावा म्हणजे मान वळवलेल्या माणसाला दिसतं तसा. मागे तोंड केलं की आपली उजवी बाजू चित्रात डावीकडे जाते. पण मोटारींच्या मागच्या कॅमेऱ्याचं चित्र पुष्कळदा आरशासारखं लावतात, उजवं ते उजवंच राहतं. तसं असलं तर तू जे हातात मुरवलंस, ते तिथे बरोब्बर उलटं. मी छोटा आरसा आणून तुझ्यासमोर धरला, मग तुला अख्खा वळवून उभा केला, दोन्ही दाखवलं. तुला समजलं. तोंड उतरलं त्यावरूनच कळलं.

"मग आपल्या मशीनवर कसं असंल?" तू विचारलंस.

"मला काय माहीत? त्यातली पहिली आलीय म्हणालास ना गोदामात? कुणाला तरी मागे उभं कर, उजवा हात वर करायला सांग, आणि पडद्यात कुठल्या बाजूला दिसतो ते बघून ये. मग आपण इथे हात बदलू."

दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, राहिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सुपरवायझर तिथेच होता. मग मशीन चार्जिंगला लावली होती. प्रत्येक वेळी कारण नवं आणि नजर जमिनीवर. मी ओळखलं. जुना ऑपरेटर नव्या मशीनसमोर उभा राहून हात वर करायला लावतो, हे चारचौघांत दिसलं असतं. तुला ते दिसायला नको होतं. मी चिडले. तू मुकाट्याने पहिला ट्रॅक लावलास आणि त्याच जुन्या हाताने फिरत राहिलास.

ट्रायल झाली. लेबलं चिकटवायला न बसता तू कामच सोडलंस, एवढंच कळलं. खोली सोडलीत, रंभाच्या माहेरी केजला गेलात. राहिलेली कॉट न्यायला तुझ्याबरोबरचा गणराज टेम्पो घेऊन आला, त्याला मी खुर्चीत बसवून विचारलं. तो म्हणाला, सयाजीभाऊंनी सरळ पट्टा झकास घेतला, आमाला वाटलं हेच पयले येणार. वळणावर हात उलटा गेला. मशीनची पाठ रॅकच्या खांबाला टेकली. पडलं काही नाही, नुसती टेकली. पुन्हा करू का म्हणून त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

कंपनीवर माझा संशय आहेच. पडदा कसा दिसतो हे ट्रायलच्या आधी ऑपरेटरांना दाखवायला काय झालं होतं? पण तो प्रश्न तुला नाही. तुला एवढंच विचारायचंय, की ट्रायलच्या सकाळी तरी तू बघितलं होतंस का? बघून, कळून, तरी हाताने ऐकलं नाही, की बघितलंच नाहीस? दोन्हींत फार फरक आहे. पहिलं असेल तर हात पुन्हा शिकतो, आणि चाकणला गोदामं पुष्कळ आहेत. खेळ अजून टीव्हीला जोडलेला आहे. उत्कर्षा न्यायला आली होती, मी दिला नाही.

गणराजला मी शेवटी विचारलं, सयाजीने तुला कधी मशीनच्या मागे उभं करून उजवा हात वर करायला सांगितलं होतं का. त्याने माझ्याकडे अशा संशयाने बघितलं, की म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे ना.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "मला कुणीच हात वर करायला न्हाई सांगितलं."